माळवदाचा गारवा आणि हवेची काच

एप्रिलच्या दुपारी दोन वाजता लोहारा-उमरग्याकडच्या एखाद्या पत्र्याच्या घरात तासभर बसून बघा. पंखा फिरत असतो, पण छताला तापलेली हवाच तो खाली लोटतो. पत्रा साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापलेला असतो आणि त्याची झळ थेट डोक्यावर उतरते. खिडक्या लावून घेतल्या तरी फरक पडत नाही, कारण ऊन खिडकीतून येतच नसतं, सगळं छतातून येत असतं. कळशीतलं पाणी कोमट होतं, तान्हं पोर झोपत नाही, आणि घरातली म्हातारी माणसं उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसतात. तिथं कुणीतरी हमखास म्हणतं, "माळवदात असं नव्हतं."

आणि ते खरंच आहे. माळवदाचं घर ज्यानं अनुभवलंय त्याला तो गारवा आयुष्यभर आठवतो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि उंबरा ओलांडला की अंधारी, शेणानं सारवलेली, पायाला थंड लागणारी जमीन. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा, आणि त्यावर दीड-दोन फूट जाडीची माती. बहुतेक गावांत ती पांढरी माती असायची. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला तिचा नवा थर पडायचा, म्हणजे गळती थांबायची. त्यामुळं घर जितकं जुनं तितकं छत जाड. भिंतीही दोन-अडीच फुटांच्या, दगड आणि माती रचून केलेल्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, हाच गारवा लोकांच्या अंगावर कोसळला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून आलेली गावं नुकतीच झोपली होती. किल्लारीच्या त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे धक्के कमी माणसं मारून गेलेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मात्र जवळपास आठ हजार माणसं गेली. सास्तूरसारखी गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभाच राहिला, पण दगड-मातीच्या भिंती आत ढासळल्या आणि वरची माती खाली आली. एका चौरस मीटरवर अर्धा मीटर माती म्हणजे सुमारे ८०० किलो. दहा बाय दहाच्या साध्या खोलीवर सात टनांहून अधिक ओझं. त्या ओझ्याखाली लोक झोपत होते.

त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. काँक्रीट आलं, पत्रा आला. छत हलकं झालं आणि त्याबरोबर गारवाही गेला. भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना पुन्हा मातीखाली झोपा असं कोण सांगेल? पण उन्हाळा दरवर्षी येतो, आणि उन्हानंही माणसं मरतात. म्हणून एक प्रश्न मला कित्येक वर्षं सोडत नाही: गारव्यासाठी वजन लागतंच का?

याचं उत्तर शोधायचं तर उष्णता कशी चालते ते पाहावं लागतं. पदार्थाच्या एका टोकाला ऊब लागली की तिथले अणू-रेणू जोरात थरथरतात आणि शेजाऱ्याला धक्का देतात. तो त्याच्या शेजाऱ्याला देतो. लोखंडात हा धक्का झपाट्यानं पोचतो, दगड-मातीत सावकाश, आणि हवेत फारच सावकाश, कारण हवेचे रेणू एकमेकांपासून लांब असतात. हवा उष्णता वाहून नेते ती मुख्यतः स्वतः हलून, वर जाऊन, फिरून. तिला जागेवर कोंडून धरलं तर तिच्याइतका चांगला अडसर मिळणं कठीण. आपल्या आज्यांनी जुनेर शिवून केलेली वाकळ हेच करते. ऊब चिंध्यांच्या थराथरांत अडकलेल्या हवेमुळं राहते. थंडीत चिमणी पिसं फुगवून बसते तेही यासाठीच. थर्माकोलच्या पांढऱ्या तुकड्यात शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग हवा असते.

शास्त्रज्ञ ही गोष्ट आकड्यानं मोजतात. काँक्रीटचा आकडा दीडच्या आसपास, वाळलेल्या मातीचा ०.७ च्या जवळ, थर्माकोलचा ०.०३५. अगदी स्थिर हवेचा ०.०२६. आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी जाते. मग हवा कोंडून हवेच्याच आकड्याच्या खाली कसं जाणार? साध्या विचारानं हे अशक्य वाटतं. आणि तरीही एक घन पदार्थ आहे ज्याचा आकडा ०.०१५ पर्यंत उतरतो. त्याचं नाव सिलिका एरोजेल.

हातात धरला तर तो धुराचा गोठलेला तुकडा वाटतो. काळ्या कापडावर निळसर दिसतो, उजेडाकडे धरला तर पिवळट. आकाश निळं दिसण्याचं आणि मावळतीला तांबूस होण्याचं जे कारण, तेच इथंही. त्यातले कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. वजन जाणवतच नाही. काचेचं, म्हणजे वाळूतलंच सिलिका, पण त्याचा सांगाडा एवढा विरळ की ९० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी. फार हलक्या नमुन्यांत हे प्रमाण ९९ टक्क्यांच्या पुढं जातं. त्याच्या पातळ लादीवर फूल ठेवून खालून बर्नरची ज्योत लावली तरी फूल टवटवीत राहतं.

याचं रहस्य रिकाम्या जागेच्या मापात आहे. साध्या तापमानाला हवेचा एक रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी सुमारे ७० नॅनोमीटर प्रवास करतो. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एरोजेलमधली छिद्रं बहुतेक २० ते ५० नॅनोमीटरची असतात. नवरात्रात तुळजापूरच्या महाद्वाराशी गर्दीत मागून आलेला धक्का माणसामाणसांतून पार पुढच्या ओळीपर्यंत जातो. पण तीच गर्दी एकेका माणसापुरत्या चिंचोळ्या कोनाड्यांत वाटून दिली तर? प्रत्येक जण आपल्याच कोनाड्याच्या भिंतीवर आपटेल, शेजाऱ्यापर्यंत धक्का पोचणारच नाही. एरोजेलमधल्या हवेची हीच गत होते. रेणूला दुसरा रेणू भेटण्याआधी भिंत भेटते. आणि भिंतीतून उष्णता जावी तर ती भिंत म्हणजे कणाला कण जेमतेम चिकटलेली, वाकडीतिकडी, जागोजागी तुटक माळ. वाट लांब आणि अरुंद. फक्त किरणांनी जाणारी उष्णता थोडी निसटते. ती अडवायला आत काजळीसारखा काळा पदार्थ मिसळतात.

आता हिशेब करू. मातीचा आकडा ०.७, एरोजेलचा ०.०१५. म्हणजे माळवदाची अर्धा मीटर माती उष्णता जितकी अडवते तितकी अडवायला एरोजेलचा साधारण एक सेंटीमीटरचा थर पुरतो. मातीचं वजन चौरस मीटरला ८०० किलो. एरोजेलचं एक, फार तर दोन किलो. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा चुकलं असेल म्हणून पुन्हा मांडला. उत्तर तेच आलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. माती नुसती अडवत नाही, ती उष्णता पोटात साठवूनही ठेवते. दुपारचं ऊन छतातून खाली पोचायला तिला रात्र होते, आणि तोवर बाहेर हवा गार झालेली असते. एरोजेलला असं पोट नाही. तो फक्त दार लावून घेतो. म्हणून एरोजेल लावलेलं पत्र्याचं घर हुबेहूब माळवद होणार नाही. पण डोक्यावर उतरणारी झळ तो थांबवू शकतो, आणि तीच तर पत्र्याच्या घरातली खरी शिक्षा आहे.

हा पदार्थ नवा नाही. अमेरिकेतल्या सॅम्युअल किस्टलर या रसायनशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये त्यावरचा पहिला निबंध छापला. त्याच्यापुढचा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजेल असा होता. काळं रान उन्हाळ्यात वाळलं की त्याला हात-हात खोल भेगा पडतात. का पडतात? मातीच्या बारीक कणांमध्ये पाणी असतं. ते उडून जाताना उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग ताणला जातो आणि कणांना एकमेकांकडं ओढतो. रान आक्रसतं, फाटतं. जेलचंही तेच होतं. खरवसाची वडी उन्हात ठेवा: पाणी जाईल आणि हातात आक्रसलेला कडक तुकडा उरेल. जेल म्हणजे घन पदार्थाचं बारीक जाळं आणि त्यात भरलेलं पाणी. पाणी काढायचं आणि जाळं जागेवर ठेवायचं, हे जमवायचं कसं?

किस्टलरनं ओढणारा पृष्ठभागच नाहीसा करायचं ठरवलं. जेलमधलं पाणी काढून त्यानं तिथं अल्कोहोल भरलं आणि ते बंद पात्रात प्रचंड दाबाखाली तापवलं. एका ठरावीक तापमानाच्या आणि दाबाच्या पुढं द्रव आणि वायू यांच्यातला फरकच उरत नाही. साध्या अल्कोहोलसाठी, म्हणजे इथेनॉलसाठी, ही मर्यादा सुमारे २४१ अंश आणि वातावरणाच्या साठपट दाब इतकी आहे. तिथं पृष्ठभाग नाही, म्हणून ताण नाही, म्हणून ओढ नाही. मग पात्रातला वायू हळूहळू सोडून द्यायचा. जाळं होतं तसं उभं राहतं, आत हवा शिरते. त्यानं सिलिकाबरोबर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचंही एरोजेल केलं होतं.

पण साठ वातावरणांचा दाब आणि अडीचशे अंशांवर तापलेलं अल्कोहोल ही घातक जोडी आहे. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या अशाच एका कारखान्यात मिथेनॉल गळून मोठा स्फोट झाला. नंतर अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वापरायची रीत आली. तिथं ३१ अंश पुरतात, दाब मात्र सत्तरच्या पुढंच लागतो. म्हणजे धोका कमी झाला तरी जाड पोलादी पात्रं आणि त्यांचा खर्च राहिलाच. एवढा खर्च मंगळावरच्या गाडीला परवडतो. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीतली यंत्रं तिथल्या जीवघेण्या थंडीत ऊबदार राहिली ती एरोजेलमुळं. स्टारडस्ट या यानानं २००४ मध्ये धूमकेतूची धूळ एरोजेलच्या लाद्यांमध्ये अलगद झेलली आणि २००६ मध्ये पृथ्वीवर आणली. लोहाऱ्याच्या छताला हे कसं परवडावं?

इथं आपल्या महाराष्ट्रातलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागात, 'एअर ग्लास लॅबोरेटरी' नावाची प्रयोगशाळा आहे. एअर ग्लास, हवेची काच. डॉ. ए. वेंकटेश्वर राव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथं अनेक वर्षं एरोजेलवर काम केलं. या विषयावर जगात कुठंही लिहायचं झालं तर या प्रयोगशाळेच्या निबंधांचा उल्लेख टाळता येत नाही. त्यांनी धरलेले दोन धागे आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत.

पहिला धागा स्वस्ताईचा. चांगला एरोजेल करायला महागडी सिलिकॉनयुक्त रसायनं वापरतात. त्यातल्या एकाची वाफ डोळ्यांना फार घातक आहे. कोल्हापूरच्या मंडळींनी किस्टलरच्या जुन्या वाटेनं जाऊन सोडियम सिलिकेट उचललं. हे साबणाच्या आणि ओतकामाच्या धंद्यात पिंपांनी वापरलं जाणारं स्वस्त, चिकट द्रावण आहे. आणि त्यापासून झालेलं जेल त्यांनी मोठ्या दाबाच्या पात्राशिवाय, साध्या भट्टीत वाळवलं. त्याची किल्ली १९९० च्या दशकात अमेरिकेत सापडली होती. जेलच्या जाळ्याच्या अंगावर पाण्याला चिकटणारे रासायनिक हात असतात. वाळताना जाळं आक्रसलं की शेजारचे हात एकमेकांना कायमचे धरून बसतात. त्या हातांवर आधीच मेणचट, पाण्याचा तिटकारा असलेले गट बसवले तर जाळं आक्रसतं खरं, पण पाणी गेल्यावर दाबलेल्या स्पंजासारखं पुन्हा उसळून फुगतं. शिवाय या एरोजेलवर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा गोल होऊन घरंगळतो. साधा एरोजेल पाण्यात टाकला तर भिजून ढासळतो. हा तरंगतो. आपल्या पावसाळ्याला हेच हवं.

दुसरा धागा लवचीकपणाचा. सिलिका एरोजेल भलताच ठिसूळ असतो, बोटानं जास्त दाबला की भुगा. राव, शरद भगत आणि त्यांच्या जपान व फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वेगळ्या रसायनापासून असा सिलिका एरोजेल केला, जो दाबला की दबतो, वाकवला की वाकतो आणि सोडल्यावर परत मूळ रूप घेतो. काचेच्या जातीचा पदार्थ रबरासारखा वागतोय! आज बाजारात मिळणारं बहुतेक एरोजेल मात्र तिसऱ्याच रूपात येतं. तंतूंच्या चादरीत जेल ओतायचं आणि चादरीसकट वाळवायचं. ही चादर गुंडाळी करून आणता येते, कात्रीनं कापता येते. तेलशुद्धीकरणाच्या नळांवर, समुद्रातल्या वाहिन्यांवर ती वापरतात. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत एका घटाची आग दुसऱ्याला लागू नये म्हणून मध्ये तिचेच पातळ पडदे घालतात. एरोजेल जळत नाही, हा त्याचा थर्माकोलवरचा मोठा फायदा. थर्माकोल पेटला की काळा धूर आणि टपकणारे थेंब. स्वयंपाकाची चूल घरात असेल तिथं हा फरक जीवनमरणाचा आहे.

पत्र्याच्या घराचा दुसरा त्रास आवाजाचा. मृगाची पहिली सर पत्र्यावर पडली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात तेवढा वेळ शिक्षक गप्प बसतात. ध्वनीच्या बाबतीतही एरोजेल वेगळाच आहे. काचेतून ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरहून जास्त वेगानं जातो, हवेतून सुमारे ३४० मीटर. एरोजेल घन असूनही त्यात हा वेग पुष्कळदा १०० ते ३०० मीटर इतकाच, म्हणजे हवेपेक्षाही कमी. कारण सांगाडा अतिशय मऊ आणि विरळ. ध्वनीची लाट त्या लवलवत्या जाळ्यातून जाताना कणाकणाला हलवत थकते, तिची ताकद आतच जिरते. पत्र्याच्या पोटाला अशी चादर घट्ट चिकटवली तर थेंबांच्या माऱ्यानं होणारी त्याची थरथर कमी होते. पण लग्नाच्या वरातीतल्या डीजेचा छातीत घुमणारा आवाज ती अडवील अशी अपेक्षा करू नये. खालच्या पट्टीचा आवाज अडवायला वजनच लागतं, आणि वजन तर एरोजेलकडं नाही. तिथं माळवदच श्रेष्ठ होतं.

किंमत अजून आड येते. एरोजेलची चादर थर्माकोलच्या कित्येक पट महाग पडते, आणि हाताळताना तिची बारीक पांढरी धूळ उडून हात-घसा कोरडा करते, म्हणून ती दोन पत्र्यांच्या मध्ये बंद करूनच बसवायला हवी. पण कच्च्या मालाची ददात आपल्याला नाही. उसाचं पातं हाताला कापतं ते त्यातल्या सिलिकामुळं. उसानं मातीतून शोषलेलं ते सिलिका चिपाड जाळल्यावर राखेत उरतं. भाताच्या कोंड्याच्या राखेत तर ते ८५ टक्क्यांहून जास्त असतं. ही राख कॉस्टिक सोड्याबरोबर उकळली की सोडियम सिलिकेट मिळतं, आणि त्यापासून एरोजेल. प्रयोगशाळांतून हे झालेलं आहे. धाराशिव जिल्ह्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, बॉयलरची राख आहे. ढोकीचा तेरणा कारखाना तर मराठवाड्यातल्या जुन्या कारखान्यांपैकी एक.

ढोकीहून तेर जवळच आहे. गोरोबाकाकांचं, कुंभाराचं गाव. रोमन काळातल्या व्यापाऱ्यांना ते तगर म्हणून माहीत होतं. तिथल्या जुन्या बांधकामांत विटा सापडल्या आहेत, त्या पाण्यावर तरंगतात. साधी वीट पाण्याच्या पावणेदोन पट जड, आणि ही मात्र पाण्याहून हलकी. मातीत भुसा-कोंडा मिसळून वीट भाजली की कोंडा जळतो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. हलक्या विटांची करामत हीच. तिची छिद्रं डोळ्यांना दिसतात, एरोजेलची दिसत नाहीत. माझ्या मनात मात्र तेरची वीट आणि कोल्हापूरची हवेची काच एकाच पाण्यावर शेजारी शेजारी तरंगत असतात.

एरोजेल परवडेल तेव्हा परवडेल, तोवर गावात लोक आपला इलाज करतातच. उन्हाळा लागला की पत्र्यावर उसाचं पाचट, तुराट्या, जनावरांनी खाऊन टाकलेलं कडब्याचं चगाळ पसरतात आणि वर दगड ठेवतात, वाऱ्यानं उडू नये म्हणून. त्यातलं ज्वारीचं एक धाट उचलून सोलून बघा. आत पांढरं, मऊ, बिनवजनाचं भेंड असतं. लहानपणी आम्ही त्याच्या गाड्या करायचो, बाभळीचे काटे टोचून चाकं जोडायचो. नखानं दाबलं की ते चुरचुरतं, आणि दाबल्या जागी हवा निघून गेल्याची खूण तशीच राहते.